बंबाचं पाणी, गच्चीवरच्या नळ्या

३१ ऑक्टोबर २०२४, गुरुवार, नरकचतुर्दशी

पहाटे साडेचारला आईची हाक. बंब पेटत नव्हता. पेटत होता खरं तर, पण विझत होता. तुराट्या धरायच्या, बाभळीच्या ढलप्या लागायच्या, आणि दोन मिनिटांत आतून फस्स आवाज येऊन सगळी राख ओली. मधल्या नळकांड्याचा बुडाकडचा सांधा सुटलाय, पाणी थेट जाळीवर गळतं.

अभ्यंगस्नान गॅसवर पातेली चढवून झालं. उटणं लावून थंडीत बसलेला धाकटा कुडकुडत म्हणाला, "शेजारी सगळ्यांच्यात गीझर आहे." आईनं उत्तर दिलं नाही. बंब तिच्या लग्नातला, तांब्याचा, आणि गेली पन्नासेक वर्षं तो पहाटे पाचला तीच पेटवते.

काम सुरू करायचं हे आज ठरलं. काय करायचं ते नाही ठरलं.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. बहीण आली तेव्हा मी परसात बंब आडवा करून बसलो होतो. आत हात घातला तर कल्हईचा पत्ता नाही, बोटाला पांढरा खरखरीत थर. तो बोअरच्या पाण्याचा. नळकांड्याच्या बाहेरच्या अंगाला तर पोपडा चांगला रुपयाच्या नाण्याएवढा जाड. म्हणजे खालून जाळ लावायचा आणि तो दगडातून पाण्याला द्यायचा, असं चाललं होतं.

दुपारी तांबटाकडे नेला. डाख लावून, पोपडा ठोकून काढून, आतून कल्हई करून दिली. "अजून दोन वर्षं निघतील, पुढं बूडच बदलावं लागंल," म्हणाला.

आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन मार्चमध्ये झालंय. डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलंय. ती राहत नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

नवीन काही घ्यायच्या आधी जुनं किती खातं ते मोजू, म्हणून कारखान्यातला थर्मामीटर घरी आणला. (सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तिथं बॉयलरची कार्यक्षमता महिन्याला काढतो, घरच्या बंबाची आजवर काढली नव्हती.)

बंबात पाणी २८ लिटर बसतं, बादलीनं मोजून घातलं. सुरुवात २४ अंश. लाकूड वजनकाट्यावर २ किलो ४०० ग्रॅम. पाऊण तासात ६८ अंश.

पाण्यात गेलेली उष्णता: २८ × ४४ = १२३२ किलोकॅलरी. वाळलेल्या लाकडाचे किलोला ३५०० धरले तर घातले ८४००. म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आत. उरलेली पंच्याऐंशी परसातल्या कडुलिंबाला.

रात्री जेवताना हे जोरात सांगितलं. आई म्हणाली, "तू पाणी काढलंस कुठं? नुसतं तापवत बसलास."

८ नोव्हेंबर, शुक्रवार

तिच्या पद्धतीनं मोजलं. ती पाणी फार तापू देत नाही, पहिल्या दोन बादल्यांपुरतं काढलं की वरून थंड ओतते. जाळ संपला तरी निखारे असतात, नळकांडं तापलेलं असतं, त्यावर पुढचं पाणी होतं. तेवढ्याच लाकडात पहिले २८ लिटर ६८ पर्यंत आणि पुढचे २८ लिटर ४८ पर्यंत. एकूण १९०४ किलोकॅलरी, साडेबावीस टक्के.

नापास व्हायला बसलेला बंब काठावर पास झाला. आणि हे फार वाईटही नाही. आपल्याकडे होटगीच्या बाजूला एनटीपीसीचे ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत, नव्या पद्धतीचे. तिथंही कोळशातल्या उष्णतेचा चाळीस टक्क्यांच्या आसपासच भाग वीज होतो, तारांमधली गळती वेगळी. ती वीज घरी आणून तिची पुन्हा उष्णता करायची म्हणजे गीझर. बटण दाबलं की धूर दिसत नाही एवढंच, धूर तिकडे निघतो.

तरी बंब जायला हवा, हे पक्कं. धुरासाठी आणि पहाटे पाचसाठी.

१० नोव्हेंबर, रविवार

आज दिवसभर गणितं. घरात पाच माणसं. माणशी एक बादली, २० लिटर, ४० अंश. थंडीत टाकीचं पाणी २० अंश धरलं तर १०० लिटर × २० = २००० किलोकॅलरी, म्हणजे २.३ युनिट. आपल्या घराची उष्णतेची खरी गरज एवढीच. पाणी ६० अंशांचं मिळालं तर गरम ५० लिटर पुरतं, निम्मं थंड मिसळायचं असतं.

हे माहीत असल्यावर दुकानांत जायला मजा येते. तीन दुकानं फिरलो.

पहिल्यानं सांगितलं, पाच माणसं म्हणजे पाणी तापवायचा सोलर ३०० लिटरचाच. का, तर "आजकाल सगळे तेवढंच घेतात." दुसऱ्यानं सूर्यघर योजनेचं अनुदान मिळवून देतो म्हणून सांगितलं. ते अनुदान विजेच्या पॅनलला आहे, पाणी तापवायच्या सोलरला नाही. जास्तीत जास्त ७८,००० मिळतात ते ३ किलोवॅट आणि वरच्या पॅनलला. त्याला हे माहीत नव्हतं की मला माहीत नसेल असं वाटलं, कळलं नाही.

तिसरीकडे उष्मापंप दाखवला, हीट पंप. यंत्र आवडलं. फ्रिज उलटा लावल्यासारखं: बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतं, एक युनिट वीज खाऊन पाण्याला तीन युनिटच्या आसपास देतं. हवा जितकी गरम तितकं त्याचं काम सोपं, म्हणजे सोलापूर त्याचं माहेरच. पण इथंच गोम आहे. हवा गरम असते तेव्हा आपल्याला गरम पाणी नकोच असतं. मार्च ते जून गच्चीवरच्या टाकीचंच पाणी चटका देतं. खरी गरज नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि आईपुरती पावसाळ्यात. दीडशे दिवस धरा. गीझरच्या तुलनेत रोज दीड युनिट वाचलं, शंभराच्या वरचं युनिट सगळे आकार धरून मला बारा-तेरा रुपयांना पडतं, तर वर्षाला तीन हजार. यंत्र लाखाच्या पुढं. तीस वर्षं चाललं तर फिटेल. आमचा कारखाना दिवसरात्र गरम पाणी वापरतो, तिथं हे यंत्र मी उद्या लावीन.

गॅस गीझर यादीतच घेतला नाही. आमच्या न्हाणीला एक वीतभर झरोका आहे. बंद न्हाणीत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतो.

रात्री झोपेत आणखी एक हिशोब सुचला तो सकाळी विसरायच्या आत: वीज करणारं पॅनल उन्हाचे वीस टक्के पकडतं, पाणी तापवणाऱ्या नळ्या साठेक टक्के. पॅनलला उष्मापंप जोडला तर वीस गुणिले तीन, पुन्हा साठ. निसर्ग कुणालाच फुकट देत नाही, फक्त बिल वेगवेगळ्या दुकानात फाडतो. नळ्या स्वस्त आहेत. नळ्याच.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सपाट पेटी की काचेच्या नळ्या? सपाट पेटीत तांब्याच्या बारीक नळ्यांतून पाणी फिरतं. आपल्या पाण्यानं त्या किती दिवसांत गच्च होतील ते बंबाच्या पोपड्यानं सांगितलंय. काचेच्या नळीचं तोंड मोठं, क्षार साठले तरी खाली बसतात आणि नळी ओढून काढून धुता येते. म्हणून काच. १५० लिटर, १५ नळ्या. हिशोबानं १०० पुरलं असतं, पण ढगाळ दिवसाला कालचं थोडं शिल्लक हवं.

एकवीस हजार पाचशेला ठरलं, बसवणी धरून. पाइप माझा.

१७ नोव्हेंबर, रविवार

गच्चीचा प्रश्न. आमचं घर उत्तर कसब्यात. पुढचा अर्धा भाग अजून माळवदाचा आहे: सागाच्या तुळया, फळ्या, वर पांढरी माती. मागं न्हाणी-स्वयंपाकघराचा स्लॅब ९४ साली वडिलांनी घातला. ऊन माळवदावर उत्तम, दिवसभर. पण भरलेली टाकी, स्टँड, नळ्या मिळून दोनशे किलोच्या वर जातं, तेही चार पायांवर. माळवदावर चार पाय म्हणजे चार भोकं. स्लॅबवरच बसणार, आणि तिथं आग्नेयेला शेजारच्यांची तिमजली भिंत. सकाळी साडेनऊपर्यंत सावली.

दक्षिण शोधायला फोनचं होकायंत्र काढलं. लोखंडी जिन्याजवळ ते एक दिशा दाखवतं, चार पावलं सरकलो की दुसरी. सोडून दिलं. सरळ काठी उभी केली, ओळंबा लावून, आणि सावलीची वाट पाहिली. घड्याळात बारा वाजता नाही: सोलापूर भारतीय वेळेच्या रेखांशाच्या बरंच पश्चिमेला आहे, त्यामुळं सूर्य डोक्यावर यायला उशीर होतो, आणि नोव्हेंबरात तो थोडा घाईतही असतो. दोन्ही मिळून आज १२ वाजून ११ मिनिटं. त्या क्षणाची सावली म्हणजे उत्तर-दक्षिण रेघ. खडूनं आखली. वर बायको कपडे वाळत घालायला आली आणि विचारलं, "ही रांगोळी कशाची?"

उतार तीस अंशांचा सांगितला आहे. आपलं अक्षांश साडेसतराच्या थोडं वर, पण थंडीत सूर्य खाली असतो म्हणून बारा-तेरा अंश जास्त. उन्हाळ्यात कमी तापलं तर उलट बरंच.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. फिटर आज येणार होता, आला नाही. बरोबरच आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

आले. सकाळी सातला, दोघं. नळ्यांचा खोका उघडला तेव्हा मी प्रत्येक नळीचं बूड बघत होतो, त्यांना ते आवडलं नाही. या नळीला काचेच्या दोन भिंती असतात, मधली हवा काढून टाकलेली, थर्मॉससारखी. बुडाशी आतून चांदीसारखा लेप असतो, बेरियमचा. मध्ये हवा शिरली की तो लेप पांढरा दुधाळ होतो. पंधरातल्या एकीचं बूड खडूसारखं पांढरं. फिटर म्हणाला, चालतं की. नाही चालत. ती नळी दिवसभर तापेल आणि रात्रभर सगळं आभाळाला देईल. बदलून आणायला लावली, त्यात दीड तास गेला.

तोपर्यंत ऊन वर आलं. उरलेल्या नळ्या रिकाम्या उन्हात ठेवून मग गार पाणी भरलं तर तडकतात, म्हणून त्यावर जुनी सोलापुरी चादर टाकून ठेवली. चादर आमच्याच घरातली, वडील मागावर होते तेव्हाची. हातात धरली की अजून वजन लागतं.

थंड पाण्याची हजार लिटरची टाकी जिन्याच्या खोलीवर आहे, ते बरं. सोलरची टाकी तिच्या बुडाखालीच हवी, नाहीतर पाणी आपोआप भरत नाही. हवेचा पाइप मात्र थंड टाकीच्या वरच्या पातळीहून उंच हवा. तो त्यांनी अंदाजानं कापला. संध्याकाळी मोटर लावून टाकी काठोकाठ भरली तर त्या पाइपातून धार. अर्धा फूट तुकडा जोडला.

२५ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी ८ ला २३ अंश, संध्याकाळी ५ ला ५१. दीडशे लिटरला २८ अंश म्हणजे ४२०० किलोकॅलरी, जवळपास पाच युनिट. गरज अडीचच्या आत. आवाज नाही, राख नाही.

आई गच्चीवर येऊन पाहून गेली. नळीला हात लावला. आत पाणी चांगलं तापलंय आणि काच बाहेरून गार. तिनं पुन्हा लावला. "खोटं वाटतंय," म्हणाली.

२७ नोव्हेंबर, बुधवार

तक्रार क्रमांक एक, आईकडून: "गरम पाणी यायच्या आधी किती पाणी वाया जातं ते बघितलंस का?"

बघितलं. सकाळी पहिल्यांदा गरम नळ सोडला आणि पाणी बादलीत धरून मोजलं. कोमट यायला सुरुवात होईपर्यंत साडेचार लिटर. पाच माणसं वेगवेगळ्या वेळी आंघोळ करतात, रोजचे वीस लिटर. ज्या शहरात महापालिकेचं पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येतं, उजनीपासून शंभर किलोमीटरच्या आसपास पाइपातून येऊन, तिथं वीस लिटर गटारात सोडणारं यंत्र मी कार्यक्षम म्हणून आणलं. बंबाला तोटी होती. तोटीखाली तांब्या. वाया काही जात नव्हतं.

दोन दिवस याच विचारात. चूक फिटरची नाही, माझीच. पाऊण इंची पाइप मीच घेतला, "पुढं कमी पडायला नको" म्हणून, आणि तो भिंतीच्या कडेकडेनं छान काटकोनात फिरवून आणला. सोळा मीटर. त्या पाइपाच्या पोटातच चार लिटर मावतात. प्रत्येक आंघोळीनंतर ते चार लिटर गरम पाणी पाइपातच गार होतं. म्हणजे पाणीही गेलं आणि ऊनही गेलं.

१ डिसेंबर, रविवार

पाइप उखडला. आता अर्धा इंची सीपीव्हीसी, टाकीपासून स्लॅबमधून थेट खाली न्हाणीत. स्लॅबला भोक पाडायला आई तयार नव्हती, तिला गळतीची भीती. बाहेरून मोठ्या पाइपाची बाही घालून, वर उंचवटा करून, सिमेंटमध्ये वॉटरप्रूफ घालून बुजवलं. लांबी अकरा मीटर. वर काळा नायट्रिल फोम चढवला आणि उन्हानं तो भुगा होऊ नये म्हणून त्यावर पांढरी टेप.

नवं मोजमाप: पावणेदोन लिटर. ते तांब्यात धरून ठेवायचं आणि बादलीत मिसळायचं, असा आईचा नियम झालाय.

किंमत चुकवावी लागली: बादली भरायला आधी दीड मिनिट लागायचं, आता साडेतीन. धाकटा म्हणतो, हे काय, ठिबक सिंचन लावलंय का.

३ डिसेंबर, मंगळवार

ढग. बंगालच्या उपसागरातल्या वादळाचा शेपटा इथवर. काल संध्याकाळी ४१, आज ३६. मी काही म्हणायच्या आत परसातून धुराचा वास. आईनं बंब पेटवला होता, आणि मी आजवर ऐकलं त्यापेक्षा जास्त आनंदात भांडी आपटत होती.

गीझरचा पर्याय ठेवायचा की नाही यावर चर्चा. टाकीत विजेची कॉइल बसवता येते, दोन हजाराच्या आत. मी थांबलो. वर्षात असे दहा-पंधरा दिवस असतील, त्यासाठी बंब आहे.

७ डिसेंबर, शनिवार

हे नीट लिहून ठेवतो, कारण सोलर घेणाऱ्या सोलापुरातल्या प्रत्येकाच्या घरी हे होईल.

पाणी काल यायचं होतं, आलं नाही. हौद तळाला, वरची टाकी सकाळी अकराला संपली. दुपारी मुलगी फरशी पुसायला न्हाणीत गेली, थंड नळ सोडला. आधी फुरफुर हवा आली, मग पाणी आलं. तिला वाटलं, आलं बाई. बादली भरली. हात घातला आणि ओरडली. थंडाच्या नळाला कढत पाणी.

दुसऱ्या बादलीपर्यंत कुणाच्या काही लक्षात आलं नाही. संडासाची टाकीसुद्धा त्याच पाण्यानं भरली होती, वाफा निघत होत्या. मी कारखान्यातून आलो तोपर्यंत सोलरची टाकी जवळपास रिकामी.

फिटरला फोन केला. त्यानं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "मालक, पाणी उलटं यालालंय. एनआरव्ही नाही का तिथं?"

"तुम्हीच बसवलंय."

"मग नसंल."

झालं ते असं. सोलरला थंड पाणी नेणारी लाइन घरातल्या थंड नळांच्याच लाइनला टी मारून जोडलेली. वरची टाकी भरलेली असते तोवर दाब वरून खाली, सगळं ठीक. वरची संपली की त्या लाइनमध्ये सर्वात उंच पाणी कुठलं? सोलरच्या टाकीतलं. थंड पाण्याची वाट तिच्या बुडाशी, हवेचा पाइप वर उघडा, खाली कुणी नळ सोडला की सगळं उलट्या वाटेनं खाली. एनआरव्ही म्हणजे एकमार्गी झडप, ती असती तर अडलं असतं.

नळ्यांत पाणी होतं, कारण त्या टाकीच्या खाली उतरत्या आहेत आणि बुडाला बंद. पण टाकीत पाणी नसलं की त्या तेवढ्यालाच उकळत बसतात. हवेच्या पाइपातून वाफ दिसत होती. तसंच आणखी चार दिवस राहिलं असतं तर कोरड्या झाल्या असत्या, आणि मग पाणी आल्याच्या आनंदात भर दुपारी मोटर लावली असती तर काच.

चादर पुन्हा वर.

८ डिसेंबर, रविवार

पाणी पहाटे तीनला आलं. मोटर तीन ते पाच, नळ्या गार असतानाच भरल्या.

दुपारी दोन कामं. एक, पितळेची एकमार्गी झडप सोलरच्या थंड वाटेवर. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं: सोलरची लाइन घराच्या लाइनपासून पूर्ण तोडली. टाकीच्या बुडाशी जे जुनं भोक होतं ते आता फक्त सोलरचं. घरासाठी चार इंच वर नवं भोक पाडलं. हजार लिटरच्या टाकीत चार इंच म्हणजे ऐंशी-नव्वद लिटर. घराचे नळ कोरडे पडले तरी तेवढं पाणी सोलरसाठी शिल्लक राहतं, आणि घरातल्यांना कळतं की संपत आलंय.

झडप अडकू शकते, क्षारांनी अडकेलच. भोकाची उंची अडकत नाही.

बोअरचं पाणी वरच्या टाकीत चढवायचं नाही, हेही आज ठरलं. ते परसातल्या पिंपात, फरशी आणि झाडांना. साबणाचा फेस होत नाही असलं पाणी ६० अंशांना तापवलं की त्यातला चुना भराभर बाहेर पडतो.

१८ डिसेंबर, बुधवार

गच्चीवर पहाटे १२ अंश. सोलरचं पाणी काल संध्याकाळी ५९, आज सकाळी ६ ला ५४. रात्रभरात पाच अंश, ठीक आहे. आई साडेसहापर्यंत झोपली. मी दोनदा जाऊन बघितलं, बरी आहे ना.

१३ जानेवारी २०२५, सोमवार, भोगी

सिद्धेश्वरांची यात्रा. आज अक्षता सोहळा. नंदीध्वज हिरेहब्बू वाड्यातून निघतात, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळं यात्रेत आमचं घर म्हणजे धर्मशाळा. अक्कलकोटची मावशी, बार्शीचे दोघं, बहिणीकडचे, एकूण तेरा माणसं, आणि सगळ्यांना पांढरं नेसून सकाळीच संमती कट्ट्यापाशी जायचं.

काल संध्याकाळी ५८ अंश. कागदावर तेरा बादल्या बसत होत्या. आठ निघाल्या. एक तर वापरताना खालून गार पाणी शिरतं आणि मिसळतं. दुसरं, पाहुण्यांची बादली वीस लिटरची नसते. मावशींनी केस धुतले.

उरलेल्या पाच बंबावर. आईनं साडेचारला पेटवूनच ठेवला होता, मला न विचारता.

९ मार्च, रविवार

दुपारी टाकीत ८१ अंश. वापर जवळजवळ बंद, धाकट्यानं तर गरम नळ महिनाभर सोडलेला नाही. अशा पाण्यात चुना सर्वात जास्त बसतो आणि चुकून कुणाचा हात भाजायचा. पंधरापैकी नऊ नळ्या झाकल्या.

एक नळी काढून बघितली. बुडाशी चिमूटभर पांढरी पूड. चार महिन्यांना इतकी चालेल. नळीच्या रबराला साबणाचं पाणी लावून फिरवत काढायची, ओढायची नाही.

खर्च: सोलर २१,५००. पाइप, फोम, झडप, भोकं, आणि पाऊण इंची पाइपाचा दंड धरून ८,२००. लाकूड दिवसाला अडीच किलो धरलं तर दीडशे दिवसांचे वर्षाला साडेतीन-चार हजार वाचतात. आठ वर्षं. तुराट्या गावाकडून फुकट येतात त्या धरल्या तर आणखी लांब. बायकोनं वही बघितली आणि म्हणाली, यात डोळ्यांचं औषध लिहिलेलं नाही.

६ एप्रिल, रविवार

संध्याकाळी पाचला वरच्या थंड टाकीतलंच पाणी ३९. सगळ्या नळ्या झाकल्या. शेडनेट आणायला निघालो होतो, तर आईनं तीच जुनी चादर काढून दिली, मागावरची. दोन नळ्या उघड्या राहतात, तिथं पोतं.

बांधायला नायलॉनची दोरी घेतली होती, ती उन्हात कडक होऊन तुटते. सुतळी बांधली, चार कोपऱ्यांना आणि मध्ये एक. पंधरा दिवसांनी वर जाऊन बघायचं, वावटळ आली की त्याच दिवशी.